ट्रॅक्टरचा हूक आणि ट्रॉलीची दांडी

ट्रॅक्टर खरेदी करावयास निघालेला शेतकरी प्रथम अश्वशक्ती विचारतो, मग डिझेल किती लागेल हे विचारतो आणि शेवटी हप्ता विचारतो. मागे ट्रॉली नेमकी कोठे व कशी जोडली जाणार, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वारणा खोऱ्यात तर ट्रॅक्टरच्या कामाचा फार मोठा भाग ओढण्याचाच असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गळीत हंगाम सुरू झाला की मार्चपर्यंत वारणानगरच्या गाडीतळाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर ट्रॅक्टर व ट्रॉल्या यांची रांग तुटत नाही. नांगर वर्षातून काही दिवस चालतो, ट्रॉली मात्र शेणखतापासून उसापर्यंत बारा महिने चालते. असे असूनही ज्या एका पिनीवर हा सारा व्यवहार लोंबकळत असतो, ती पिन कोठे असावी याचा निर्णय आपण वेल्डिंगच्या दुकानदारावर सोपवून मोकळे होतो, ही गोष्ट मला योग्य वाटत नाही.

ट्रॅक्टरच्या मागील चाकांच्या मधल्या कण्यापासून पिन जितकी मागे, तितके वळण मोकळे मिळते. पिन जितकी कण्याजवळ, तितके ट्रॅक्टरचे पुढील चाक जमिनीला घट्ट राहते. या दोन्ही गोष्टी शेतकऱ्यास हव्या असतात आणि एकाच जागी राहिलेली पिन त्या दोन्ही पूर्णपणे देऊ शकत नाही.

ही अडचण केवळ आपलीच आहे असे नाही. अमेरिकेत शेतकरी व सहलीस जाणारी कुटुंबे मालवाहू छोट्या मोटारीच्या हौद्यातच, मागील कण्याच्या बरोबर वर, जड गाडीची जोडणी बसवितात. हौदा आठ फूट लांब असेल तर काही अडत नाही. परंतु साडेसहा फुटांचा किंवा त्याहूनही आखूड हौदा असलेली मोटार तीव्र वळण घेऊ लागली की मागच्या गाडीचा कोपरा चालकाच्या केबिनच्या काचेवर येऊन आदळतो. यावर तेथील कारखानदारांनी सरकती जोडणी काढली. गाडी मागे घेताना किंवा अंगणात वळविताना जोडणी मागे सरकवावयाची आणि हमरस्त्यास लागण्यापूर्वी पुन्हा कण्यावर आणून पक्की करावयाची, अशी ती योजना आहे. काही जोडण्या वळणाबरोबर आपोआप मागेपुढे होतात, परंतु त्या वजनाने जड आणि किमतीने महाग असतात. यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट एवढीच की, मागे सरकविलेली जागा ही फक्त वळणापुरती व मंद गतीपुरती आहे. ती रस्त्यावर भार वाहण्याची जागा नव्हे.

आपल्या ट्रॅक्टरला ही सोय वेगळी विकत घ्यावी लागत नाही. बऱ्याच ट्रॅक्टरांच्या पोटाखालून मागे आलेली जी जाड लोखंडी पट्टी असते, तिला आपण ड्रॉबार म्हणतो. तिला लांबीच्या दिशेने एकाहून अधिक भोके असतात. पुढची पिन काढून पट्टी एक भोक मागे ओढली की हूक मागे जातो, एक भोक आत ढकलली की तो जवळ येतो. हीच आपली सरकती जोडणी होय. दुर्दैव असे की, कित्येक ट्रॅक्टरांवर ही पिन खरेदीच्या दिवसापासून एकदाही निघालेली नसते. गंजाने ती तेथेच घर करून बसते.

आता मी माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. ती सांगितल्यावाचून पुढील मत मांडण्याचा मला अधिकार नाही.

काही वर्षांपूर्वी पन्हाळ्याच्या पायथ्याकडील एका गावचे शेतकरी माझ्याकडे आले. त्यांनी दोन चाकांची, मागे उपडी होणारी जुनी ट्रॉली विकत घेतली होती. तिची दांडी आखूड होती. शेतातून पाणंदीकडे वळताना ट्रॉलीचा पुढचा कोपरा ट्रॅक्टरच्या मडगार्डला घासे आणि एकदा तर त्याने मागच्या टायरची कड कापली होती. मी ट्रॅक्टर पाहिला, ड्रॉबारची भोके पाहिली आणि पट्टी एक भोक मागे घेण्यास सांगितले. रिकामी ट्रॉली दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून पाहिली. टायर व कोपरा यांत वीतभर अंतर राहिले. आम्हां दोघांचेही समाधान झाले. ट्रॉली भरल्यावर तिच्या दांडीवर किती भार येतो, हे मात्र मी विचारले नाही आणि रस्त्यास लागण्यापूर्वी पट्टी पुन्हा आत घ्यावी, हेही सांगितले नाही.

आठवड्याच्या आत ऊस भरलेली तीच ट्रॉली शेतातून रस्त्याच्या चढावर काढताना ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली गेली. चाके अधांतरी असताना स्टिअरिंग फिरवून काय होणार? ट्रॅक्टर तिरका होऊन कडेच्या ओढ्यात उतरला. चालविणारा त्या शेतकऱ्याचा धाकटा भाऊ होता. त्याचे मनगट मोडले. त्याहून अधिक काही झाले नाही हे त्याचे नशीब, त्यात माझे श्रेय काही नाही. मी भेटावयास गेलो तेव्हा थोरले बंधू रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "साहेब, वळान सुटलं खरं, पर चाक बी जमिनीपासनं सुटलं की." त्या वाक्याने मला जे शिकविले, ते पदवीच्या अभ्यासक्रमात मी गणिताच्या रूपाने शिकलो होतो, परंतु शेताच्या बांधावर वापरले नव्हते.

ते गणित अवघड नाही. पिनीवर जेवढा भार, त्यास कण्यापासून पिनीच्या अंतराने गुणावे आणि ट्रॅक्टरच्या पुढील व मागील कण्यांतील अंतराने भागावे. येणारा आकडा म्हणजे पुढील चाकांवरून कमी झालेले वजन. उदाहरणार्थ, दोन टन वजनाचा ट्रॅक्टर घेऊ. त्याच्या दोन कण्यांतील अंतर २०० सेंटिमीटर व पुढील चाकांवरील वजन ७५० किलो आहे असे समजू. ट्रॉलीच्या दांडीचा पिनीवर ५०० किलो भार आहे आणि पिन कण्यापासून ७० सेंटिमीटरवर आहे. तर पुढून १७५ किलो उचलले गेले. त्यातच चढावर ७०० किलोची ओढ लागली व हूक जमिनीपासून ४५ सेंटिमीटर उंच असला, तर आणखी सुमारे १६० किलो कमी होतात. पुढे ४१५ किलो उरले. स्टिअरिंग हाती राहण्यासाठी ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढील चाकांवर राहावा असा सर्वसाधारण दंडक आहे. येथे तो ४०० किलो येतो, म्हणजे आपण कसेबसे निभावलो. आता पट्टी २० सेंटिमीटर मागे घ्या. १७५ च्या जागी २२५ किलो उचलले जातील आणि पुढे ३६५ किलो उरतील. आपण मर्यादेच्या खाली गेलो. खुद्द ट्रॅक्टर चढावर तिरपा झाल्याने जो आणखी भार मागे जातो, तो मी यात धरलेलाच नाही.

आणि हेही पाहा. पट्टी मागेच आहे आणि मोळ्या पुढे दाटून भरल्यामुळे पिनीवरचा भार ५०० ऐवजी ८०० किलो झाला आहे, तर पुढे अवघे २३० किलो उरतात. पट्टी आत असती तरी या भरणीने पुढे ३१० किलोच उरले असते. म्हणजे भोक चुकल्याने जेवढे नुकसान होते, त्याच्या दुपटीहून अधिक नुकसान भरणी चुकल्याने होते. माझ्या त्या शेतकरी बंधूंच्या ट्रॉलीत या दोन्ही चुका एकत्र आल्या होत्या. पहिली माझी होती. दुसरी कोणाची होती हे शोधण्यात अर्थ नाही, कारण ऊस भरणारास पिनीवरच्या भाराविषयी कोणीच काही सांगितलेले नव्हते.

वास्तविक हे ज्ञान आपल्या भागास नवे नाही. वारणेचा साखर कारखाना तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने १९५० च्या दशकात उभा राहिला, तेव्हा ऊस मुख्यतः बैलगाडीने येत असे आणि आजही हंगामात मराठवाड्यातून आलेल्या तोडकऱ्यांच्या रबरी चाकांच्या गाड्या दिसतात. गाडीवान मोळ्या भरताना मधून मधून जू हाताने उचलून पाहतो. गाडी मागे जड झाली की तो म्हणतो उलाळ झाली, पुढे जड झाली की म्हणतो धुरजड झाली. उलाळ गाडी बैलांच्या गळ्यास फास लावते, धुरजड गाडी त्यांची मान मोडते. गाडीवानास दोहोंच्या मधले, किंचित पुढे झुकणारे वजन हवे असते. बैल मान टाकून किंवा पाय अडवून तक्रार करतो, म्हणून गाडीवान सावध राहतो. ट्रॅक्टर तक्रार करीत नाही. तो ओढता येईल तोवर ओढतो आणि एके दिवशी पुढची चाके उचलतो. दोन चाकांच्या ट्रॉलीची दांडी म्हणजे बैलगाडीची धूरच आहे. जू उचलून पाहण्याची जी सवय आपल्या वाडवडिलांस होती, ती ट्रॅक्टर आल्यावर सुटली, एवढेच झाले आहे.

ही सवय पुन्हा लावणे कठीण नाही. रिकामी व भरलेली ट्रॉली सपाट जागी, ट्रॅक्टर जोडून, वजनकाट्यावर अशी न्यावी की फक्त ट्रॅक्टरची पुढची चाके काट्यावर येतील. जो आकडा दिसेल, तोच पुढील चाकांवर उरलेला भार. हंगामात कारखान्याच्या काट्यावर यासाठी सवड मिळणार नाही, परंतु हंगामापूर्वी गावालगतच्या एखाद्या खासगी काट्यावर हे काम काही मिनिटांत होते. आकडा कमी आला तर भरणी थोडी मागे घ्यावी किंवा ट्रॅक्टरच्या पुढे कारखानदाराने दिलेली वजने लावावीत. भरणी मागे घेताना ती उलाळ होऊ देऊ नये. उलाळ ट्रॉली पिनीस वर उचलते, त्यामुळे मागील चाकांची पकड सुटते आणि उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला आडवी ढकलते.

आतापर्यंतचे विवेचन दोन चाकांच्या ट्रॉलीविषयी होते. आपल्याकडे ऊस वाहणाऱ्या बहुतेक जोड-ट्रॉल्या चार चाकांच्या असतात आणि त्यांच्या पुढच्या कण्यास फिरते चाक, ज्यास टर्न टेबल म्हणतात, बसविलेले असते. अशा ट्रॉलीचा भार तिच्याच चारही चाकांवर असतो, दांडी पिनीवर जवळजवळ काही वजन टाकीत नाही. म्हणून तिच्यासाठी ड्रॉबार एक भोक मागे राहिला तरी पुढील चाकांचे फारसे बिघडत नाही. तेथे धोका निराळा आहे. मागून ढकलणाऱ्या भाराचा, ब्रेकचा आणि अती वळल्यास टर्न टेबलची मर्यादा ओलांडून दांडी मुरगळण्याचा तो धोका होय. दोन चाकांच्या ट्रॉलीमागे दुसरी दोन चाकांची ट्रॉली जोडण्याची एक अघोरी पद्धत मी पाहिली आहे. मागच्या ट्रॉलीची दांडी पहिलीच्या शेपटीवर बसते व पहिलीस उलाळ करते. ती कोणीही करू नये, याहून अधिक त्यावर लिहिण्याची गरज नाही.

उंचीविषयी मात्र थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण अनेक प्राणघातक अपघातांचे मूळ तेथे आहे. ट्रॅक्टरच्या मागे ट्रॉली अडकविता येईल अशा जागा साधारणतः तीन असतात. पोटाखालचा ड्रॉबार ही एक. कण्यामागे उभ्या चौकटीत बसविलेला, वरखाली करता येणारा हूक ही दुसरी. लिफ्टच्या दोन खालच्या हातांमध्ये आडवी बसणारी भोकांची पट्टी ही तिसरी. पहिल्या दोन जागा ट्रॉलीसाठी आहेत, त्यांतही चौकटीतला हूक कण्याच्या उंचीच्या वर जाता कामा नये. तिसरी पट्टी शेतातील हलक्या अवजारांसाठी आहे, कारण लिफ्टचा दांडा चुकून हलला की ती वर उचलली जाते व तिच्याबरोबर ओढीची जागाही. वरील उदाहरणात ४५ सेंटिमीटर उंचीवर ७०० किलोच्या ओढीने पुढून १६० किलो कमी झाले होते. तीच ओढ ९० सेंटिमीटर उंचीवर लागली तर ३१५ किलो कमी होतील. चिखलात रुतलेली ट्रॉली किंवा झाडाचा बुंधा ओढण्यासाठी साखळी टॉपलिंकच्या जागी बांधणारे चालक मी पाहिले आहेत. अशा वेळी क्लच सोडताच ट्रॅक्टर मागच्या चाकांभोवती उभा राहतो आणि चालकास उडी मारण्याइतकाही अवधी मिळत नाही. हॅरी फर्ग्युसन या आयर्लंडमधील अभियंत्याचे नाव ट्रॅक्टरच्या तीन बिंदूंच्या लिफ्टसाठी प्रसिद्ध आहे, परंतु त्याने ट्रॉलीसाठी निराळा हूक दिला, तो कण्याच्या निकट आणि खाली. ट्रॉलीची चाकेही त्याने बरीच मागे बसविली, जेणेकरून भाराचा काही हिस्सा ट्रॅक्टरच्या मागील चाकांवर यावा व त्यांची पकड वाढावी. हलक्या ट्रॅक्टरने जड माल ओढण्याचे त्याचे सारे रहस्य पिनीच्या या जागेत होते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. वळणाची अडचण आली की आपण ट्रॅक्टरकडे पाहतो व हूक मागे नेतो. माझे मत असे आहे की, प्रथम ट्रॉलीकडे पाहावे. वळणास लागणारी मोकळीक ही पिनीपासून ट्रॉलीच्या पुढच्या फळीपर्यंतच्या अंतरातूनही मिळते, म्हणजेच दांडीच्या लांबीतून. दांडी वीस सेंटिमीटर लांब केली तर कोपरा टायरपासून तितकाच दूर जातो, परंतु ट्रॅक्टरच्या पुढील चाकांवरून काहीही वजन उचलले जात नाही. उलट, ट्रॉलीची चाके पिनीपासून दूर गेल्याने पिनीवरचा भार किंचित कमीच होतो. म्हणून वळणाची मोकळीक ट्रॉलीकडून घ्यावी, ट्रॅक्टरकडून घेऊ नये. ड्रॉबारची भोके ही त्यानंतरची सोय आहे.

यावर आक्षेप येईल, आणि तो रास्तही आहे. लांब दांडीची ट्रॉली वळणावर आतून अधिक कापते. अरुंद पाणंदीच्या कोपऱ्यावर तिची आतली चाके बांधावर चढतात किंवा उपसा योजनेच्या नळावर जातात. ज्यांच्या पाणंदी अतिशय अरुंद आहेत, त्यांना हा उपाय मर्यादेतच करता येईल. दुसरे असे की, दांडी लांब करणे म्हणजे जुन्या दांडीस लोखंडाचा तुकडा जोडणे नव्हे. दांडीवर सर्वांत अधिक ताण ती ट्रॉलीच्या सांगाड्यास मिळते तेथे येतो. तेथेच सांधा ठेवला तर तो खड्ड्याखड्ड्याने भेगाळतो. लांब दांडी मूळच्याहून जाड पत्र्याची, अखंड आणि सांगाड्याच्या आत पुरेशी शिरलेली असावी आणि ते काम ट्रॉली बांधणाऱ्याकडूनच करून घ्यावे. खर्च येतो, हे खरे. कापल्या गेलेल्या एका मागच्या टायरची किंमत मात्र त्याशेजारी मांडून पाहावी.

ज्यांना दांडी बदलता येणार नाही, त्यांनी ड्रॉबार सरकवावा, पण मग तो खरोखर सरकवावा. शेतात व अंगणात मागे, रस्त्यावर भार असताना आत. चालक म्हणतात की रांगेत नंबर लावावयाचा असताना पिन काढण्यास वेळ कोणास आहे? मला हे म्हणणे पूर्णपणे खोडून काढता येत नाही. खेपेवर मजुरी ठरली असता पाच मिनिटेही पैशांत मोजली जातात आणि रात्री दोन वाजता, हाताला थंडीने काकडा भरला असताना, चिखलात आडवे होऊन पिन ठोकणे सुखाचे नाही. म्हणूनच जो शेतकरी हे करणार नाही असे स्वतःस प्रामाणिकपणे ओळखतो, त्याने पट्टी आतच पक्की करून ठेवावी आणि वळणे मोठी घ्यावीत. सरकती जोडणी न सरकविणाऱ्याच्या हाती पडली, तर ती साध्या जोडणीपेक्षा अधिक धोक्याची ठरते. मनगट मोडलेला तो मुलगा याची साक्ष देईल.

एक अपवाद सांगितला पाहिजे. पीटीओवर चालणारे आणि मागे ओढले जाणारे यंत्र जोडावयाचे असेल, तर पट्टीची जागा आपल्या मर्जीने ठरवावयाची नसते. ५४० फेऱ्यांच्या पीटीओसाठी पिन पीटीओच्या टोकापासून ३५६ मिलिमीटर, म्हणजे १४ इंच मागे असावी असे प्रमाण आहे. अंतर त्याहून कमी पडले तर वळणावर फिरता दांडा मोडतो. काम संपले की पट्टी पुन्हा ट्रॉलीच्या जागी आणावी. तसेच काही ड्रॉबार डावीउजवीकडे झुलतात. ही झूल शेतातील अवजारांसाठी आहे. रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या पिना घालून पट्टी मधोमध पक्की करावी, नाहीतर ट्रॉली ट्रॅक्टरला कुत्र्याच्या शेपटीप्रमाणे हलवीत राहते.

लहान ट्रॅक्टरांविषयी मला विशेष काळजी वाटते. पंधरा-वीस अश्वशक्तीचे ट्रॅक्टर द्राक्षबागेतून व भाजीपाल्यातून आता उसाच्या शेतापर्यंत आले आहेत. आंतरमशागतीस ते उत्तम आहेत. त्यांच्या दोन कण्यांतील अंतर दीड मीटरच्या आसपास व वजन एक टनाच्या आतबाहेर असते. आखूड हौद्याच्या मोटारीची जी अडचण, तीच यांची. मोठ्या ट्रॅक्टरामागे जो भार पचतो, तो यांच्या पुढील चाकांस पेलत नाही. नऊशे किलोच्या ट्रॅक्टरच्या पुढे ३६० किलो असतील, पिन कण्यापासून ६० सेंटिमीटरवर असेल आणि दांडीचा भार अवघा ३०० किलो असेल, तरी १२० किलो उचलले जातात. पट्टी मागे घेऊन पिन ८० सेंटिमीटरवर नेली तर १६० किलो. चढ यापुढेच आहे. इंजिन ओढते म्हणून ट्रॅक्टरने ओढावे, हा विचार येथे घातक आहे. लहान ट्रॅक्टरामागे मोठ्या ट्रॅक्टरची जुनी ट्रॉली लावण्याचा मोह टाळावा. त्याची ट्रॉली त्याच्या मापाचीच असावी, पट्टी आतच असावी आणि पुढची वजने कधीही काढू नयेत.

ट्रॅक्टर विकत घेताना हे सर्व पाहता येते. मध्य प्रदेशातील बुदनी येथे केंद्र शासनाच्या संस्थेत ट्रॅक्टरांच्या चाचण्या होतात. त्या अहवालांत अश्वशक्ती व इंधन यांबरोबर ड्रॉबारची व हुकाची मापेही दिलेली असतात. विक्रेत्याकडे हा अहवाल मागावा. त्याच्याकडे नसेल तर टेप घेऊन जावे. मागील चाकाच्या मध्यापासून पिनीपर्यंतचे अंतर, पट्टीस भोके किती, हूक जमिनीपासून किती उंच आणि दोन कण्यांतील अंतर, ही चार मापे घेण्यास विक्रेत्याचा चहा येईपर्यंतचा वेळ पुरतो. नंतर तीच टेप घेऊन ट्रॉलीच्या दुकानात जावे. वारणानगर परिसरातील सुमारे सत्तर गावांत १९९८ साली संगणक पोहोचविण्याचा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा त्याची देशभर वाखाणणी झाली होती. अशा परिसरात ट्रॉलीची दांडी अजून डोळ्यांच्या अंदाजाने कापली जाते, ही विसंगती मला नेहमी खटकते.

वेल्डिंग करून बसविलेल्या हुकाविषयी दोन शब्द. ट्रॅक्टरच्या मूळ पट्टीवर किंवा मागील ओतीव घरावर परस्पर वेल्डिंग करू नये. ओतीव लोखंडास अशा तऱ्हेची उष्णता मानवत नाही, ते डागाशेजारी तडकते आणि तडा रंगाखाली झाकला जातो. पिनही गजाचा तुकडा कापून केलेली नसावी. पिनीस वर डोके व खाली काटापिन हवीच. कडीच्या भोकात पिन फार मोकळी असली की प्रत्येक गिअरला धक्का बसतो व भोक लांबट होत जाते. कडी व पिन दोन्ही झिजलेली दिसली तर दोन्ही एकदम बदलावीत, एकच बदलल्याने नवी लवकर खराब होते. पिन निसटलीच तर दांडी जमिनीत रोवली जाऊ नये म्हणून साखळी असावी. ती दांडीच्या खालून आडवी-उलट अडकविलेली असावी.

त्या गावी मी मागील हंगामात पुन्हा गेलो होतो. ट्रॉली तीच आहे, दांडी नवी आहे, जुनीपेक्षा हातभर लांब. ड्रॉबारची पट्टी आतल्या भोकात आहे व पिनीस ग्रीस लावलेले आहे. धाकटे बंधू ट्रॉली भरत होते. चार-पाच मोळ्या पुढे टाकल्या की ते खाली उतरून दांडीकडे पाहात आणि पुढची रचना बदलीत. मी विचारले, हाताला अजून दुखते का? ते म्हणाले, थंडीत दुखते. मग त्यांनी मलाच वर चढून मागच्या मोळ्या नीट लावावयास सांगितले आणि मी चढलो.